जपानमधल्या राईस बोल या अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचे खेळाडू खरंच ऑफिसात नोकरी करतात का? आणि त्यातून विद्यार्थ्यांना का वगळलं?

हो, बहुतेक जण नोकरी करतात. आणि विद्यार्थ्यांना वगळलं ते योग्यच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी टोकियोशेजारच्या कावासाकीत राहतो, एक्स लीग या इथल्या नोकरदार संघांच्या स्पर्धेचे सामने आवडीने बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईचं टाइम्स शील्ड क्रिकेट ज्यांनी पाहिलंय त्यांना ही व्यवस्था चटकन कळेल. गावसकर निरलॉनकडून खेळायचे, वेंगसरकर टाटांकडून. पगार कंपनीचा, संघही कंपनीचा. जपानमध्ये अमेरिकन फुटबॉल असाच कंपन्यांच्या आधाराने वाढला. फुजित्सू फ्रंटियर्स हा आमच्या कावासाकीचा संघ, पॅनासोनिक इम्पल्स ओसाकाजवळच्या कादोमाचा. या संघांतले बहुसंख्य खेळाडू त्या त्या कंपनीचे कर्मचारी असतात. आठवडाभर ऑफिस, संध्याकाळी व्यायाम आणि व्हिडिओ बघून अभ्यास, पूर्ण संघाचा सराव शनिवार-रविवारी. ओबिक सीगल्सचं गणित थोडं वेगळं आहे. तो क्लब आहे, ओबिक ही त्याची प्रायोजक कंपनी, आणि खेळाडू निरनिराळ्या ठिकाणी नोकऱ्या करतात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल खेळून आलेले काही परदेशी खेळाडूही संघांत असतात. त्यांच्या संख्येवर मर्यादा असते.

आता राईस बोलकडे येतो. १९४८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा ती राष्ट्रीय अजिंक्यपदाची लढत नव्हतीच. पूर्वेकडचे निवडक विद्यार्थी विरुद्ध पश्चिमेकडचे निवडक विद्यार्थी, असा प्रदर्शनी सामना होता. त्याहीआधी, १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये, टोकियोच्या मेइजी जिंगू मैदानावर विद्यार्थ्यांचा संघ योकोहामातल्या परदेशी रहिवाशांच्या संघाशी खेळला होता. जपानमधल्या या खेळाची सुरुवात तिथून धरतात. त्यामागे पॉल रश या अमेरिकन मिशनरी शिक्षकाची धडपड होती. राईस बोलच्या सर्वोत्तम खेळाडूला आजही त्यांच्याच नावाचा चषक मिळतो.

१९८४ पासून ३ जानेवारीला विद्यापीठांचा विजेता विरुद्ध नोकरदारांचा विजेता अशी लढत सुरू झाली, आणि जिंकेल तो जपानचा अजिंक्य. पहिल्याच वर्षी क्योतो विद्यापीठाने रेनाउन रोव्हर्सना २९-२८ असं एका गुणाने हरवलं. क्योतो म्हणजे नुसत्या खेळाच्या जोरावर प्रवेश न देणारं सरकारी विद्यापीठ! कठीण प्रवेशपरीक्षा देऊन आलेली मुलं देशाची अजिंक्य ठरली. त्या काळात विद्यार्थी वरचढ असायचे आणि त्याचं कारण सरळ आहे. विद्यापीठाचा संघ रोज सराव करू शकतो. नोकरी सांभाळणाऱ्यांना आठवड्यातून एक-दोन दिवस मैदान मिळालं तरी पुष्कळ. या खेळात अकराच्या अकरा जणांच्या हालचाली एकाच क्षणी जुळाव्या लागतात, त्यामुळे एकत्र सरावाला पर्याय नाही.

मग पारडं कसं फिरलं? कंपन्यांनी प्रशिक्षक नेमले, व्यायामशाळा दिल्या, विद्यापीठांतले उत्तम खेळाडू पदवीनंतर नोकरीवर घेतले. शेवटी परदेशी खेळाडू आले. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणाऱ्याच्या, जागी अमेरिकेत तयार झालेला माणूस उभा राहिला की सामन्याचा रंगच बदलतो. जानेवारी २०१५ मध्ये फुजित्सूने पहिल्यांदा राईस बोल जिंकला, तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक होता लुइझियाना टेकमध्ये खेळलेला कोल्बी कॅमेरॉन. विद्यार्थ्यांचा शेवटचा विजय त्याच्या सहा वर्षं आधीचा, जानेवारी २००९ चा. रित्सुमेइकानने पॅनासोनिक देन्को इम्पल्सला १७-१३ असं हरवलं होतं. त्यानंतर सलग बारा वर्षं नोकरदार संघच जिंकत राहिले. २०१९ मध्ये फुजित्सूने क्वानसेई गाकुइन विद्यापीठाचा ५२-१७ असा धुव्वा उडवला. क्वानसेई गाकुइन म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव. त्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

मला आकड्यांपेक्षा मुलांच्या शरीराची काळजी जास्त वाटते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने, डिसेंबरात कोशिएन बोल हा विद्यापीठांचा अंतिम सामना खेळून आधीच दमलेल्या अंगाने, वर्षानुवर्षं वजनं उचलून तयार झालेल्या तिशीतल्या लाइनमनसमोर, म्हणजे पुढच्या फळीत अंगाने भिडणाऱ्या खेळाडूसमोर, उभं राहायचं. डोक्याला आणि मानेला मार बसणाऱ्या खेळात ताकदीतली अशी तफावत चालवून घेता येत नाही. ‘परंपरा मोडली’ म्हणून हळहळणारे लोक इथे भेटतात. क्योतोच्या त्या २९-२८ चं मोल मलाही आहे. पण त्यासाठी आजच्या मुलांना धोक्यात घालायचं कारण नाही.

जानेवारी २०२२ पासून राईस बोल हा एक्स लीगचा अंतिम सामना झाला. विद्यार्थ्यांचं अजिंक्यपद कोशिएन बोललाच ठरतं. नव्या स्वरूपातल्या पहिल्या सामन्यात फुजित्सूने पॅनासोनिकला २४-१८ असं हरवलं. शेवटपर्यंत निकाल सांगता येऊ नये, असा सामना नोकरदारांच्या दोन संघांतच होऊ शकतो हे तेव्हा दिसलं. पुढच्या वर्षीही हेच दोघे आमनेसामने आले आणि पुन्हा फुजित्सूच जिंकला, २९-२१.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या व्यवस्थेचा एक कच्चा दुवा सांगायलाच हवा. कंपनीचा हात निघाला की संघ उघड्यावर पडतो. राईस बोल जिंकून दाखवलेला ऑनवर्डचा संघ २००८ च्या मंदीच्या सुमारास कंपनीने बंद केला. खेळाडूंनी हार मानली नाही. त्यांनी सागामिहारा राइझ नावाचा क्लब उभा केला आणि पुढे नोजिमा ही इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं चालवणारी कंपनी त्यांच्या मागे उभी राहिली. सीगल्सही मुळात रिक्रूट कंपनीचा संघ होता. कंपनीने अंग काढून घेतलं, तरी तो क्लब म्हणून टिकला आणि २०११ ते २०१४ अशी सलग चार वर्षं राईस बोल जिंकला. मला या स्पर्धेबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या लोकांमुळे. पगारासाठी दुसरीकडे राबून ते हा खेळ जिवंत ठेवतात. ‘अर्धव्यावसायिक’ म्हणून त्यांना कमी लेखू नका. १९९९ आणि २००३ चा विश्वचषक जपानने जिंकला, तोही मुख्यतः अशाच खेळाडूंच्या बळावर. त्या दोन्ही स्पर्धांत अमेरिकेचा संघ नव्हता हे खरं. पण २००७ मध्ये इथे कावासाकीतच झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिका आली, आणि जादा वेळेपर्यंत झुंजून जपान २०-२३ असा अवघ्या तीन गुणांनी हरला.

तुम्ही टोकियोत असाल तर ३ जानेवारी मोकळी ठेवा. त्याच सकाळी हाकोने एकिदेन या रिले शर्यतीचा दुसरा दिवस असतो आणि बहुतेक जपानी घरं टीव्हीसमोर असतात, पण प्रत्यक्ष सामन्याची मजा वेगळी. १९९२ पासून राईस बोल टोकियो डोममध्ये होत आलाय, त्यासाठी सुइदोबाशी स्टेशनला उतरायचं. नियम ठाऊक नसतील तर आधी शरद ऋतूत लीगचा एखादा साधा सामना बघा. कावासाकीतल्या फुजिमी पार्कचं मैदान छोटं आहे, पहिल्या रांगेत बसलात तर हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. चेंडूच्या मागे नजर पळवू नका, दोन्ही बाजूंच्या लाइनमनकडे बघा. धावायला वाट कुठे उघडणार हे तिथेच ठरतं.