पाँपेईतल्या बाईच्या हातात बोरू कुठून आला?

प्रश्न असा आलाय की पाँपेईच्या (ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) त्या नवरा-बायकोच्या भित्तिचित्राखाली कुणीतरी 'ओठांशी बोरू धरलेली लाजरी पत्नी' असं लिहिलंय, तर स्टायलसला, म्हणजे मेणावर लिहायच्या रोमन काडीला, बोरू म्हटलेलं चालेल का, आणि ती लाजतेय हे कशावरून.

नाही चालणार. जुन्या काळातलं लिहायचं काहीही दिसलं की लोक बोरू म्हणून मोकळे होतात, ऐकून ऐकून कंटाळा आलाय. बोरू म्हणजे काडी तासून, टोकाला तिरका काप देऊन, शाईत बुडवून लिहायचं साधन. या बाईच्या हातात शाईचा संबंधच नाही. पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन लाकडी फळ्या, आत मेणाचा थर, आणि त्यावर ओरखडून लिहायची ती टोकदार काडी. मी त्या फळ्यांना मेणपाटी म्हणते, आणि काडीला सरळ लेखणी.

लेखणीच का, ते सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. लिहिणं आलं लिख् धातूवरून, आणि लिख् म्हणजे मुळात ओरखडणं, खरवडणं. त्याचं आणखी जुनं रूप रिख्, त्यातूनच रेखा. ऋग्वेदात सहाव्या मंडलात पूषन् देवाला 'आ रिख' म्हटलंय, म्हणजे त्या पणी नावाच्या कंजूष लोकांची काळजं ओरबाडून काढ! तिथे कागद नाही, शाई नाही, नुसता ओरखडा. ग्रीकांचं ग्राफेइन (आपल्या फोटोग्राफमधलं) तेही आधी ओरखडणंच. म्हणजे शब्दाच्या मुळाशी जाऊन बघितलं तर खरी लेखणी त्या बाईच्या हातात आहे आणि शाईवाला बोरू हा नंतर लेखणीच्या घरात राहायला आलेला.

आता नवऱ्याकडे बघा. त्याच्या हातात पपायरसची (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाची) गुंडाळी आहे, लाल शिक्का असलेली. पपायरसवर लिहायचं ते बोरूनेच, लॅटिनमध्ये कालामुस, ग्रीकमध्ये कालामोस, म्हणजे वेताची काडी, आणि तोच शब्द अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे कलम होऊन आला. कलम शुद्ध संस्कृत आहे असं ठासून सांगणारे काही अभ्यासक आहेत, त्यांचं मला अजिबात पटत नाही. संस्कृतातलं जुन्या काव्यातलं कलम म्हणजे साळीची एक जात, भात! भातावरून लेखणीपर्यंतची वाट आधी दाखवा, मग बोलू. तर बोरू या चित्रात असलाच तर नवऱ्याच्या बाजूला, तोही चित्राबाहेर, आणि कॅप्शनवाल्याने तो उचलून बायकोच्या हातात दिला.

आणि माझं एक लाडकं मत आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेणपाटीला मराठीत सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे धूळपाटी. फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, हात फिरवला की पाटी कोरी. रोमन लेखणीचं दुसरं टोक चपटं असायचं, मेण पुन्हा सारखं करायला, त्यामुळे लॅटिनमध्ये 'लेखणी उलटी करणे' म्हणजेच खोडणे. आपली धुळाक्षरं आणि त्यांची मेणाक्षरं, दोन्ही पुसण्यासाठीच लिहिलेली. बोरूने लिहिलेलं असं हात फिरवून जात नाही, म्हणून तर मला तो शब्द इथे इतका खुपतो.

लाजण्याचं राहिलंच. हे चित्र 1868 मध्ये सापडलं, आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. घराच्या बाहेर भिंतीवर निवडणुकीचा मजकूर होता त्यावरून माणसाचं नाव आधी पाक्विउस प्रोकुलुस ठरवलं, नंतर तेरेंतिउस नेओ मानलं गेलं. बेकरीवाला होता म्हणतात, कारण घराला लागून बेकरी होती. बायकोचं नाव कुणालाच माहीत नाही. लेखणी ओठांशी धरणं ही त्या काळातली ठरलेली पोझ होती, त्याच संग्रहालयात 'साफो' (जुनी ग्रीक कवयित्री) म्हणून ओळखली जाणारी चित्रातली बाई अगदी तशीच दिसते. पुढचं वाक्य मनात जुळवताना माणूस करतो तसं. त्यात लाज कुठून आली?

जवळीक शोधायचीच असेल तर दोघांच्या जागेकडे बघा. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, सरळ आपल्याकडे बघतात, पण ती जरा पुढे आहे आणि तो तिच्या खांद्यामागे, इतका चिकटून की मधे भिंतीचा रंगसुद्धा धड दिसत नाही. तिच्या कानात मोती, कपाळावर कुरळ्या बटा, त्याची विरळ दाढी, पांढरा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र. चित्रकाराला दोघांची हत्यारं दाखवायची होती, आणि ती त्याने बरोबर ज्याची त्याच्या हातात दिलीत. कॅप्शनमध्ये 'ओठांशी लेखणी, हातात मेणपाटी' एवढं लिहा, आणि लाजरी काढून टाका.