पाण्याची भीती वाटते, तरी पोहायचंय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. बायको 42 वर्षांची आहे. लहानपणी ओढ्यात गटांगळ्या खाल्ल्यापासून तिनं पाण्याचं नाव टाकलं होतं. आता सोसायटीच्या तलावात साडेतीन फुटांपर्यंत येते, पण मी ‘अंग सैल सोड’ म्हटलं की आणखीच ताठ होते. कसं शिकवू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ते वाक्य आधी बंद करा. घाबरलेल्या माणसाला अंग सोडता येत नाही. श्वास सोडता येतो, आणि तो सुटला की खांदे आपोआप खाली येतात. नवशिके छाती भरून श्वास कोंडतात आणि थोड्याच वेळात कासावीस होतात. हे प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू श्वासासाठी टोचणी लावतो. शिवाय पाण्यात श्वास सोडला नसेल, तर डोकं वर आल्यावर त्याच क्षणात सोडायचंही आणि घ्यायचंही. तिथंच नाकातोंडात पाणी जातं.

म्हणून पहिले काही दिवस हातपाय मारणं नकोच. कमरेच्या वर, छातीच्या खाली पाणी असेल तिथं दोन्ही हातांनी कठडा धरून उभं राहायला सांगा. तोंडानं श्वास घ्यायचा, ओठ पाण्यात बुडवून बुडबुडे काढायचे. मग नाक बुडवायचं आणि ‘हंऽऽ’ असा हुंकार काढायचा. हुंकार चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरत नाही. मग गॉगल लावून डोळे, शेवटी पूर्ण डोकं. श्वास एका आकड्यात घ्यायचा, तीन-चार आकडे मोजत सोडायचा. असं सलग 10 वेळा, मध्ये चेहरा न पुसता, जमलं की पुढं जा. चेहरा पुसायची सवय क्षुल्लक वाटते, पण पुढं तरंगताना हात तोंडाकडे धावतात आणि तोल जातो. घरी मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेऊनही हा सराव होतो.

यानंतर उभं राहायला शिकवा. तरंगण्याआधी! ‘आडवी झाले तर पाय परत टेकतील का?’ हीच खरी धास्ती असते. पालथं असताना गुडघे पोटाशी घ्यायचे, पुढं ताणलेले हात पाणी दाबत कमरेपर्यंत आणायचे, पाय टेकवायचे आणि डोकं सगळ्यात शेवटी वर. बहुतेक जण आधी डोकं उचलतात, सरळ पाय खाली ढकलतात आणि घसरतात. उताणं असताना हनुवटी छातीला लावून, गुडघे वर घेत, खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि हातांनी पाणी मागून पुढं ओढायचं. सुरुवातीला हे तुमच्या आधारानं करून घ्या.

आता तुमची जागा. पालथं तरंगताना तुम्ही तिचे हात पकडू नका, तिला तुमचे दंड धरू द्या. सोडायचं कधी, हे तिच्या हातात राहतं. तुम्ही उलट्या पावलांनी हळूहळू मागं सरका. उताणं तरंगताना तिच्या डोक्यामागं गुडघे वाकवून उभे राहा, एक तळवा डोक्याखाली, दुसरा खवाट्यांखाली. वर उचलू नका. उचललं की पाण्याचा आधार तिला कळतच नाही. कान पाण्यात, नजर सरळ वर. कान बुडले की तुमचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा आधीच ठरवा.

हात काढणार असाल तर सांगून काढा. ‘बघ, मी केव्हाच सोडलं होतं’ ही फुशारकी पोहणाऱ्या नवऱ्यांना फार आवडते. तेवढ्यानं महिनाभराचा विश्वास जातो.

एका वेळी अर्धा तास पुरे. अंगात हुडहुडी भरली की श्वास बिघडतो, तेव्हा हिवाळ्यातल्या पहाटे टाळा. सोसायटीच्या तलावावर जीवरक्षक नसेल तर एकटीनं सराव करू देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे पाठीला डबा बांधून शिकवतात. मोठ्या माणसाला चालेल का?
– वाचक, सातारा

उत्तर : डबा, भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड यांवर पिढ्या पोहायला शिकल्या. विहिरीत टेकायला जागाच नसते, तिथं ते गरजेचंही होतं. उथळ तलाव असेल तर मात्र मोठ्या माणसाला त्याचा तोटा जास्त. डबा पाठ वर ओढतो. त्यामुळे स्वतःच्या फुफ्फुसांतल्या हवेनं आपण तरंगतो, हा अनुभव मिळत नाही. डबा सुटला की भीती पहिल्या दिवसाची. त्यापेक्षा हातात धरायचा किकबोर्ड (तरंगणारी हलकी फळी) बरा, हवा तेव्हा सोडता येतो. आणि विहिरीत ढकलून शिकवणं? काही पोहायला शिकले, बाकीचे आज आम्हाला पत्रं लिहितात.

प्रश्न : वय 51. मला तरंगता येतं, पण पाय बुडतात. हाडं जड आहेत का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : हाडांना दोष देऊ नका. हवा छातीत आणि वजन कमरेखाली, त्यामुळे पाय बुडणं स्वाभाविक आहे. फुफ्फुसांत एक लिटर जादा हवा म्हणजे साधारण एक किलोचा आधार. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू जड, म्हणून सडपातळ, पिळदार माणसं जास्त बुडतात. डोकं सुमारे 5 किलोचं. समोर बघायला ते पाण्याबाहेर काढलं की पाय खाली जाणारच. नजर तळाकडे ठेवा. उताणे असाल तर हात डोक्याच्या दिशेनं लांब करा, पाय जरा वर येतील. एवढं करूनही टाचा खाली राहिल्या तर राहू द्या, हलकी लाथ पुरते. ती मांडीच्या सांध्यातून मारा, घोटा ढिला ठेवा. सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडले तर दमाल आणि जागेवरच राहाल.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरू का? आणि खोल बाजूला केव्हा जावं?
– वाचक, ठाणे

उत्तर : लेन्स काढाच, पाण्यातल्या जंतूंमुळे डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. नंबरचे गॉगल मिळतात. कानाच्या पडद्याला छिद्र, फिट्स किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खोल बाजूसाठी तीन गोष्टी उथळ बाजूला जमायला हव्यात : धाप न लागता 25 मीटर, पालथ्याचं उताणं होऊन एक मिनिट आराम, आणि पाय न टेकता उभ्यानं दोन मिनिटं तग. तेव्हाही प्रशिक्षकाबरोबर आणि कठड्याच्या हातभर अंतरावरूनच. धरण, नदी नि कोकणातला समुद्र यात धरू नका. तिथं ओढ असते आणि धरायला कठडा नसतो.