मैदानाचं आरक्षण : आधी नोटिशीची तारीख काढा

वसाहतीशेजारचं मैदान कसं वाचवायचं, असं विचारणाऱ्या तुमच्या पत्राला सह्यांचे गठ्ठे, नगरसेवकांचं पत्र, आयुक्तांना दिलेल्या निवेदनांच्या पोचपावत्या, सगळं जोडलंत. मला हवा तो एकच कागद त्यात नाही. हा भूखंड विकास आराखड्यात (कोणती जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या शहराच्या नकाशात) मैदानासाठी आरक्षित आहे, आरक्षणाला दहा वर्षं उलटून गेली, आणि मालकानं महापालिकेला 'काहीतरी नोटीस दिलीय म्हणे', एवढंच तुम्ही लिहिता. हेच पत्र गावाचं नाव बदलून मला सतत येत असतं.

मुलांना मैदान का हवं, ते मला पटवायची गरज नाही. नोटिशीवर आवक शिक्का कोणत्या तारखेचा आहे, ते सांगा.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ काढून वाचा. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित केली नाही, तर मालक 'जमीन घ्या' अशी खरेदी सूचना देऊ शकतो; तुमची ती 'काहीतरी नोटीस' म्हणजे हीच. ती बजावल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही, किंवा त्याची पावलंही पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं समजलं जातं. पूर्वी ही मुदत सहाच महिने होती, मग बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीनं चोवीस. आणि तुम्ही कौतुकानं लिहिता, 'दोन वर्षं पाठपुरावा चालू आहे'!

महासभेत ठराव झालाय, प्रस्ताव वर गेलाय, यावर निर्धास्त राहू नका. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयानं असला पत्रव्यवहार पुरेसा मानला नाही. जमीन संपादित करत असल्याची कलम १२६ खालची घोषणा राजपत्रात यायला हवी. ती अडते पैशापाशी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं बाजारमूल्यावरून ठरलेल्या भरपाईवर १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई) द्यावी लागते. तेव्हा निवेदनात 'मैदान वाचवा' लिहिण्यापेक्षा अंदाजपत्रकात या भूखंडासाठी तरतूद मागा. मालक पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला तयार झाला तर उत्तमच, पण त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका : खरेदी सूचनेची प्रत, सोबतचे कागद, त्यानंतरच्या सगळ्या टिपण्या. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून दरम्यान नगररचना विभागात जाऊन तारीख विचारा. सूचनेला मालकी हक्काचे कागद जोडावेच लागतात. नसतील तर सूचनेलाच आव्हान देता येईल. ते कितपत टिकेल, हे फाइल पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

'आम्ही शेजारी, आम्हाला काय अधिकार?' असं विचारलंय. बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली, तेव्हा रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच मान्य केला. तिथे तुमची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. उच्च न्यायालयात महापालिकेचं उत्तर यायलाच महिनेच्या महिने जातात, आणि नुसती याचिका दाखल आहे म्हणून २४ महिन्यांचं घड्याळ थांबत नाही. मुदत शिल्लक असेल तर दिवाणखान्यातल्या बैठका बंद करा, वकील गाठा आणि पहिल्याच सुनावणीत अंतरिम आदेश मागा.

मुदत संपून गेली असेल तर नव्या आराखड्यात तेच आरक्षण परत टाकून घेणं फार अवघड आहे. मग मालकाचा बांधकाम नकाशा मंजुरीला येईल, त्यात नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडलीय का, तेवढं तपासा.