युरोपात पीएच.डी.ची जागा

प्रश्न : अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलं, प्रबंध गुलाबी बोंडअळीवर. युरोपात पीएच.डी.ची जागा शोधायची कुठं?
– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : युरोपियन आयोगाच्या ‘युरॅक्सेस’ या मोफत संकेतस्थळावर ‘आर-१’ (म्हणजे पीएच.डी.पर्यंतचे नवे संशोधक) ही पातळी निवडून जाहिराती शोधा. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वेत पीएच.डी. बहुधा पगारी नोकरीच असते. जागेसाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला अजिबात थारा देऊ नका. एकच पत्र पन्नास प्राध्यापकांना धाडलं, तर कुणीच वाचत नाही. एकालाच पानभर लिहा : त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, तुम्ही कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे) किती अंतरावर लावले, पतंगांच्या नोंदी कशा ठेवल्या. शिफारशीसाठी गाइडना आधीच सांगून ठेवा. विद्यापीठ अनेकदा त्यांनाच थेट मेल करतं. तो स्पॅममध्ये पडून राहिला, तर चांगला अर्जही अपुरा ठरतो.