लघुकथा नेमकी किती लघु?

इंदूरच्या एका काकूंनी विचारलंय, थोड्या रागातच. त्यांची एक लघुकथा पूर्वी दिवाळी अंकात छापून आली होती, वाड्याच्या वाटणीवरची, बारा पानी. तिचा हिंदी अनुवाद त्यांनी गावातल्याच एका लघुकथा स्पर्धेला धाडला. आयोजकांचा फोन आला, ‘बहनजी, कहानी बढ़िया है, मगर हमने तो लघुकथा माँगी थी.’ आता त्यांची लेक म्हणते, ‘आई, त्यांना अलक हवी असणार.’ काकूंचा प्रश्न असा की बारा पानं म्हणजे लघुकथा नव्हे, तर मग आजवर आपण काय लिहीत होतो? आणि ही अलक कोण?

काकू, तुम्ही पाठवलीत ती लघुकथाच होती. मराठी लघुकथा.

आपल्याकडे हा शब्द इंग्रजी ‘शॉर्ट स्टोरी’वरून बेतलेला. त्यातलं ‘लघु’ कादंबरीच्या मानानं लघु, एवढंच. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं, त्यात ते ‘स्फुट गोष्टी’ लिहीत. स्फुट म्हणजे सुटी, क्रमशः न चालणारी. पुढे फडके-खांडेकरांच्या काळात ‘लघुकथा’ रुळली आणि दहा-पंधरा पानं हे तिचं घरचं माप झालं. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची ती ‘नवकथा’. त्यानंतर समीक्षकांनी ‘लघु’ हळूच गाळलं, नुसती ‘कथा’ म्हणू लागले. पण पाठ्यपुस्तकांत आणि आपल्या पिढीच्या तोंडी ‘लघुकथा’ टिकून आहे.

हिंदीत ती जागा रिकामी नव्हती, तिथे ‘कहानी’ आधीच बसलेली. त्यामुळे ‘लघुकथा’ हा शब्द पान-दीड पानात, बहुतेक वेळा एकाच प्रसंगात आटोपणाऱ्या कथेला मिळाला.

मग मराठीनं ‘कहाणी’ का नाही घेतली? शब्द तर सख्ख्या बहिणी. संस्कृत ‘कथानिका’, तिची प्राकृतात ‘कहाणिआ’, पुढे हिंदीत ‘कहानी’ आणि आपल्यात ण राखून ‘कहाणी’. पण आपली कहाणी श्रावणात अडकलेली होती. आटपाट नगर, राजाच्या दोन राण्या, एक आवडती आणि एक नावडती, हातात तांदळाचे दाणे घेऊन ऐकायची ती कहाणी. नाहीतर मग कर्मकहाणी. एखाद्या पुणेकराला ‘हिची कहाणी छापून आलीय’ असं सांगा, तो आधी ‘अरेरे’ म्हणेल. इंदुरात मात्र आपण हिंदीच्या संगतीनं ‘कहाणी लिहिली’ असं बिनदिक्कत म्हणतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. (बडोदेकरांचा घोळ याहून मजेदार. गुजरातीत गोष्टीला ‘वार्ता’ म्हणतात, आपल्या मराठीत वार्ता म्हणजे बातमी. आणि आपली ‘गोष्ट’ ज्या ‘गोष्ठी’वरून आली, ती हिंदीत बैठक होऊन बसली आहे. म्हणजे लघुकथा-गोष्ठीला गेलात तर तिथे गोष्ट नव्हे, चहा आणि अध्यक्षीय भाषण मिळेल.)

१९१७ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, आणि लगेच १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही इथेच. एवढा शेजार असून या एका शब्दाचा अर्थ काही जुळला नाही. त्यातली गंमत म्हणजे ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा. १९०१ साली ‘छत्तीसगढ़ मित्र’मध्ये आली. अनेक जण तिला हिंदीतली पहिली कहानी मानतात, आणि लघुकथावाले तिला पहिली लघुकथा म्हणून आपल्याकडे ओढतात. लेखक माधवराव सप्रे, घरची भाषा मराठी. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे तेच. तेव्हा लघुकथा किती लघु हा तंटा हिंदीतही मिटलेला नाही, आणि तो सुरू व्हायला कारण आपलाच माणूस.

आता अलक. मोठ्या कथेनं ‘लघु’ आधीच घेतल्यामुळे मराठीत चिमुकल्या कथेला विशेषण उरलं नाही. मग ‘अति लघु कथा’ करावं लागलं, आणि व्हॉट्सॲपच्या घाईत तिची आद्याक्षरं उरली: अलक. कुणी विचार केला होता की नाही कोण जाणे, पण संस्कृतात अलक म्हणजे कपाळावर रुळणारी कुरळी बट. चार-पाच ओळींच्या कथेला हे नाव शोभतं. शंभर शब्दांची ‘शतशब्दकथा’ अशीच ‘शशक’ झाली, म्हणजे थेट ससा. शशकला शब्दांची मोजदाद काटेकोर असते, अलकला तसं बंधन नाही. माझी कुरकुर एकच आहे. बहुतेक अलक शेवटच्या ओळीत झटका द्यायला लिहिलेल्या असतात, आणि दहा वाचल्या की अकराव्या वेळी झटका कुठून येणार ते आधीच कळतं. हिंदी लघुकथा त्या मानानं जास्त काळ मुरलेली आहे. तिथे विसंगती प्रसंगातच असते, शेवटी आणून चिकटवावी लागत नाही. त्यामुळे अलक म्हणजे हिंदीतली लघुकथा, हे लेकीचं समीकरण जवळचं आहे, तंतोतंत नाही.

खरं सांगायचं तर छोट्या कथेसाठी आपल्याकडे शब्द होता, आपणच तो देवघरात ठेवून दिला. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सफळ संपूर्ण’ हे आपण दर श्रावणात म्हणतो. यातलं ‘उत्तर’ म्हणजे प्रश्नाचा जबाब नव्हे, बोल. तुकोबांच्या ‘संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें’मधलं उत्तर तेच. म्हणजे साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत आटपली, असं कहाणी सांगणारी बाई स्वतःच जाहीर करते. मला विचाराल तर ‘पाचउत्तरी’ हे नाव आद्याक्षरांच्या सशाहून मला कधीही आवडेल. पण नावं अशी सुचवून रुळत नसतात, हेही खरं.

राहता राहिली तुमची स्पर्धा. पत्राबरोबर आलेली कथा मी वाचली. वाटणीत पाटा थोरल्याकडे जातो आणि वरवंटा धाकट्याकडे, आणि सणाच्या दिवशी दोन्ही जावा पुरण वाटायला अडून बसतात. हा प्रसंग जेमतेम पाऊण पानाचा आहे. तेवढाच काढून पाठवा. पाटा-वरवंट्याला हिंदीत सिल-बट्टा म्हणतात. उरलेल्या सव्वाअकरा पानांना हात लावू नका, ती मराठीत बरोबर मापाची आहेत.