खंजीर फेकला की तो अस्त्र होतो का?

नांदेडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचा मित्रांचा कंपू सुट्टीला जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांवरचा साहसकथांचा खेळ खेळतो आणि नियम मराठीतूनच सांगितले जातात. भिडून लढायच्या हत्याराला त्यांनी 'शस्त्र' म्हणायचं ठरवलं, लांबून मारायच्या हत्याराला 'अस्त्र'. एका गड्याने खंजीर फेकला आणि तिरंदाजीच्या कौशल्याचे, हल्ल्याच्या फाशात मिळवायचे +2 मागितले. 'हातातून सुटला म्हणजे अस्त्रच की!' त्यावरून जुंपली. आता त्यांना विचारायचंय, शब्दच चुकले का?

व्युत्पत्ती पाहिली तर गडी बरोबर बोलतोय. 'अस्' म्हणजे फेकणे, त्यावरून अस्त्र. 'शस्' म्हणजे कापणे, त्यावरून शस्त्र. ('क्षेपणास्त्र' या शब्दात फेकणं दोनदा आलंय, पण ते आता कुणाला खुपत नाही.) तरी त्याला +2 मिळत नाहीत. खेळाच्या यादीत खंजीर जवळच्या हत्यारांत आहे. तो 20 फुटांपर्यंत सहज आणि 60 पर्यंत ओढूनताणून फेकता येतो, पण फेकल्याने त्याची जात बदलत नाही. डार्ट, म्हणजे हाताने फेकायचा छोटा बाण, तोही तेवढाच लांब जातो, इजाही तेवढीच करतो. फक्त तो लांबच्या हत्यारांत बसवलाय. तिरंदाजीचे +2 हत्यार कोणतं ते बघतात, हल्ला कसा झाला ते नाही. म्हणून डार्टला मिळतात, खंजीर कोरडाच.

म्हणजे नियमाला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत आणि शस्त्र-अस्त्र ही जोडी त्यांची सरमिसळ करते. माझ्या मते हत्याराला 'जवळचं' आणि 'लांबचं' म्हणा, आणि हल्ल्याला 'वार' आणि 'मारा'. मराठीत तलवारीचा वार होतो, तोफांचा मारा होतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. खंजीर फेकला तर जवळच्या हत्याराने केलेला मारा. भांडण तिथेच मिटतं.

तसंच 'पल्ला' आणि 'टप्पा' एकमेकांच्या जागी वापरू नका. पल्ला गोफणीचा, धनुष्याचा. हातातून न सोडता हत्यार जिथवर पोचतं तो टप्पा. साध्या तलवारीचा टप्पा 5 फूट, आसुडाचा 10. शत्रू टप्प्याबाहेर सटकायला लागला की एक फुकटचा वार करता येतो, आणि इथे आसूडवाले हटकून चुकतात. अंगाला भिडलेला शत्रू एक घर (5 फूट) मागे सरला तरी तो 10 फुटांच्या आतच असतो, म्हणून फुकटचा वार नाही. तलवारवाल्याला मात्र मिळाला असता. धनुष्याचा पल्ला कितीही असो, त्याने हा वार करता येत नाही.

जुन्या संस्कृत युद्धशास्त्राला ही अडचण चांगली ठाऊक होती. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात दोन नव्हे, पाच वर्ग आहेत: यंत्रमुक्त (साधनाने सोडलेलं), पाणिमुक्त (हाताने फेकलेलं), मुक्तसंधारित (सोडूनही धरलेलं), अमुक्त (हातातून न सोडलेलं) आणि बाहुयुद्ध (नुसत्या हातांनी). क्षेपणी, म्हणजे आपली गोफण, आणि धनुष्य यंत्रमुक्तात. ज्वारी राखताना माळ्यावरून पाखरांवर गोफणगुंडा भिरकावणारा शेतकरी त्या हिशेबाने धनुर्धराच्याच पंगतीत बसतो, आणि खेळाचा नियमही गोफणीला लांबचं हत्यारच धरतो. हाताने फेकलेला दगड पाणिमुक्त, तलवार अमुक्त.

आता तुमच्याच गावचं उदाहरण. सचखंड गुरुद्वाऱ्याशी निहंगांच्या, म्हणजे शीख योद्ध्यांच्या, दुमाल्यावर (उंच पगडीवर) पोलादी चक्रं दिसतात. कंपूतल्या कुणाला तसं चक्र हवं असेल तर मूळ नियमांच्या यादीत ते सापडणार नाही. घरचा नियम करावा लागेल. ते हातात धरून सहसा कुणी लढत नाही, फेकतात. म्हणून डार्टच्या शेजारी बसवा, +2 सुखाने द्या.

मराठी घोडेस्वारांचा विटा जास्त मजेशीर. भाल्याला दोरी, दोरीचं टोक मनगटाला. फेकायचा आणि परत ओढून घ्यायचा. 'मुक्तसंधारित' हा शब्द जणू त्याच्यासाठीच केलाय: सोडलेला, तरी धरलेला. माझा कौल वाराकडे. दोरी 10 फुटांची धरा, टप्पाही 10 फूट. शत्रू अंगाला भिडलेला असताना मारा करणाऱ्याला नेम धरायला जी अडचण येते ती इथे लावू नका. दोरी कुणी कापलीच, तर त्यापुढची फेक मारा धरायची, आणि विटा आणायला खेळाडूने स्वतः चालत जायचं.