घरून ऑनलाइन परीक्षा देताना स्क्रीनवरून नजर हलली, तर कॉपी धरतात का?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीची डिप्लोमाची परीक्षा पुढच्या महिन्यात घरूनच, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून होणार आहे. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर, सासूबाई अंथरुणावर, आणि मैत्रिणींनी तिच्या डोक्यात भरवलंय की नजर जरा इकडंतिकडं झाली की पेपर बाद. ती रात्रीची झोपत नाही, हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

नुसती नजर हलली म्हणून सहसा पेपर बाद होत नाही. मी कोल्हापुरातच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो. २०२० च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन घ्यायची वेळ आली, तेव्हापासून हे काम माझ्याकडं आहे. पेपर संपल्यावर रेकॉर्डिंग तपासायलाही बसतो.

आमच्याकडं सॉफ्टवेअर स्वतः कॉपी ठरवत नाही, ते फक्त खुणा करतं. त्याला आम्ही फ्लॅग म्हणतो. तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर प्रत्येक मुलाच्या नावापुढं एक आडवी पट्टी असते, म्हणजे त्याचा पेपरचा पूर्ण वेळ. त्यावर जागोजागी लाल रेघा. रेघेवर क्लिक केलं की तेवढाच व्हिडिओचा तुकडा उघडतो. एकात मुलगी छताकडं बघत बोटांवर हिशोब करत असते. दुसऱ्यात कुकरची शिट्टी झालेली असते आणि आवाज आला म्हणून रेघ उमटलेली असते. एका मुलाच्या पट्टीवर तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘दुसरी व्यक्ती दिसते’ असा फ्लॅग होता. उघडून बघितलं तर मागच्या भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर! सॉफ्टवेअरला चेहरा दिसला, त्यानं नोंद केली. ही सगळी प्रकरणं आम्ही बघून तिथंच सोडून देतो.

अडचण कधी येते? मुलगा दर प्रश्नाला एकाच कोपऱ्यात खाली बघतो आणि मग उत्तरावर क्लिक करतो, तेव्हा. किंवा परीक्षेची विंडो सोडून दुसरी उघडल्याची नोंद पुन्हापुन्हा होते, तेव्हा. एखादी नजर आणि असा ठरलेला प्रकार यांतला फरक तपासणाऱ्याला लगेच कळतो. म्हणून विचार करायला तिनं खुशाल वर बघावं. डोळे स्क्रीनला खिळवून बसलेली पोरं येणारी गणितंसुद्धा चुकवतात, हे बघून जीव तुटतो.

मात्र फ्लॅग कोण तपासतो आणि आक्षेप आला तर मुलाचं म्हणणं ऐकून घेतात का, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. हे दोन प्रश्न संस्थेला आत्ताच ईमेलनं विचारा. फोनवर नको, लेखी उत्तर हातात असू दे. माझं ठाम मत आहे की माणसानं व्हिडिओ न बघता नुसत्या फ्लॅगच्या आकड्यावर कुणालाही नापास करणं हा अन्याय आहे. असं झालं तर तो व्हिडिओ दाखवा म्हणून मागणी करायला अजिबात कचरू नका.

आता घरची तयारी. सगळ्यात महत्त्वाचा उजेड. खिडकी पाठीमागं आली की चेहरा काळा पडतो आणि ‘चेहरा दिसत नाही’चे फ्लॅग सुरू होतात. खिडकी किंवा दिवा समोर ठेवा. रंग सावळा असेल तर ही काळजी जास्तच घ्यावी लागते, आणि तो दोष मुलांचा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून बाई की पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका ०.८ टक्क्यापर्यंत होत्या, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या. परीक्षेतलं काम थोडं वेगळं असलं तरी यंत्र सगळ्यांचे चेहरे सारखेच ओळखतं असं धरून चालू नका.

पाठीमागं कोरी भिंत असावी, कॅलेंडर आणि फोटो तेवढ्यापुरते उतरवा. सुरुवातीला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगतात. त्याआधी औषधं, कागदपत्रं, वाळत घातलेले कपडे, जे परक्यानं बघू नये असं वाटतं ते बाजूला करा. असं संकोचणं चुकीचं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठानं अशीच खोली दाखवायला लावली, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडं तो निकाल लागू नाही, पण प्रश्न तोच आहे.

सासूबाईंचं असं करा. मुलीला आतल्या खोलीत बसवा आणि संस्थेला आधीच कळवा की घरात आजारी माणूस आहे, मधेच आवाज येऊ शकतो. तरीही कुणी आत आलंच, तर मुलीनं घाबरून लॅपटॉप मिटू नये. कॅमेऱ्याकडं बघून स्पष्ट सांगावं, ‘आजीला पाणी हवं होतं, आई आत आली होती.’ रेकॉर्डिंगमध्ये आवाज असेल तर तपासणाऱ्याला तेवढं वाक्य पुरतं. सुपरवायझर लाइव्ह असेल तर हेच चॅटमध्ये टाकावं.

लाईट आणि नेट. पावसाळ्यात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. ज्या फोनचं नेट वापरणार त्यावर त्या वेळात कुणी कॉल करू नये, काही फोनवर कॉल आला की नेट तुटतं. नेट तुटलं तर घड्याळ थांबतं की चालूच राहतं, आणि उत्तर निवडल्यावर आपोआप सेव्ह होतं की बटण दाबावं लागतं, हे मॉक टेस्टमध्ये मुद्दाम वायफाय बंद करून बघा. मॉक टेस्ट त्याच लॅपटॉपवर, त्याच जागी, त्याच वेळेला द्या. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपला लॅपटॉप चालवू देणारं, काही असेल तर काढून टाका, ते उघडं दिसलं की बऱ्याच सिस्टीम पेपर सुरूच करू देत नाहीत. विंडोजचा अपडेट आदल्या रात्री उरकून घ्या.

परीक्षेत काही बिघडलं तर मोबाइलला हात लावायच्या आधी सुपरवायझरला विचारावं, नाहीतर तोच फ्लॅग होतो. बाहेरच्या खोलीतून तुम्ही मात्र लगेच हेल्पलाइनला फोन लावा. वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी ईमेल करा.

सीईटी आणि जेईईचं ऐकून गोंधळू नका. त्या परीक्षा कॉम्प्युटरवर असल्या तरी केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात, तिथली यंत्रणा वेगळी.

आणि एवढं करूनही घरात जमणार नाही असं वाटत असेल, तर केंद्रावर किंवा जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बसू देता का, असा अर्ज संस्थेकडं करा. कारण सरळ लिहा: दोन खोल्या, आजारी माणूस. सोय करायला त्यांनाही दिवस लागतात, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.